आठवं दुपटं

आत्याच्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिचं पोटही त्याच नाकावर चालतं, हे मात्र आम्हा घरच्यांनाच माहीत. ती झाडांच्या पानांचा रंग काढून सुती कापड रंगवायची. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये तीन चुली, तीन मोठी पातेली, पाण्याचा हौद आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या तारा. तारांवर बदामी, खाकी, राखाडी कापडं वाळत असायची आणि त्यांच्याखालून कुणी न वाकता गेलं की आत्या ओरडायची. डोक्याला तेल असतं आणि तेलाचा डाग जात नाही. माणसापेक्षा कापड मोठं, हा तिचा सरळ न्याय.

रंगारीण ती जन्माने नव्हती. माझे आजोबा शाळेत कारकून होते. आत्याचं लग्न एका ट्रक चालवणाऱ्याशी झालं आणि सहा वर्षांनी तो ट्रकसकट दरीत गेला. मूलबाळ नव्हतं. राहिल्या ती आणि तिची सासू, आणि पातेली सासूची. सासूने तिला आठ दिवस रडू दिलं. नवव्या दिवशी तिच्या हातात ढवळायचं दांडकं दिलं आणि सांगितलं, रडायचं तर ढवळता ढवळता रड, चार थेंबांनी रंग बिघडत नाही. आत्या हे सांगताना हसायची. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळायला बरीच वर्षं गेली.

सुती कापड हट्टी असतं. रेशीम किंवा लोकर रंग लगेच अंगाला लावून घेते, सुताला आधी तुरटीची लाच द्यावी लागते. कापड सोड्यात उकळून त्याची खळ काढायची, तुरटीच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं आणि मग पानांच्या पातेल्यात सोडायचं. पेरूच्या पानांचा रंग खाकी, त्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी घातलं की राखाडी. निलगिरीच्या पानांचा बदामी, थोडा लालीकडे झुकणारा. आमच्याकडच्या बाळंतिणी त्या बदामी दुपट्यांसाठी नंबर लावायच्या. दुपटं मऊ असायचं, रंग उतरायचा नाही आणि पहिला आठवडाभर त्याला निलगिरीचा मंद वास असायचा.

पानं यायची रस्त्यावरून. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निलगिरीची झाडं होती आणि तिथली झाडूवाली दर आठवड्याला दोन-तीन पोती आणून टाकायची. रस्त्यावरच्या पानांत काय काय येईल याचा नेम नाही. म्हणून सासूने घालून दिलेला एक नियम होता. प्रत्येक मूठ तळहातांत चुरगळायची, नाकाशी धरायची आणि मगच पातेल्यात टाकायची. नाकाला विचारल्याशिवाय भांड्यात काही जायचं नाही. लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडे असायची तेव्हा ती माझे डोळे बांधून माझ्या नाकाखाली एकेक पान धरायची. चुकले की टपली. बरोबर आलं की काही नाही, कारण बरोबर येणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती.

सासूचे डोळे गेले तेव्हा आत्यानेच तिच्या हातातून दांडकं काढून घेतलं. घ्यावंच लागलं, म्हातारी दोनदा चुलीवर कलंडता कलंडता वाचली होती. त्यानंतर सासू सात वर्षं दाराशी खुर्चीवर बसून होती. येणारा-जाणारा तिला मोठ्या आवाजात विचारायचा, काय आजी, चहा घेतला का. ज्या बाईला सगळे वचकून असायचे तिला लोक एवढंच विचारायचे. आत्याने ती सात वर्षं अगदी जवळून पाहिली. पुढे जे झालं ते समजून घ्यायचं तर ती खुर्ची लक्षात ठेवायला हवी.

माझं लग्न झालं, मी आत्याच्या घरापासून पाच मिनिटांवर राहायला आले आणि रोज दुपारी शेडमध्ये तिच्या हाताखाली काम करू लागले. दुसऱ्या वर्षी थंडीत आत्याला ताप आला. पंधरा दिवसांनी तो गेला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. तिने हे कुणालाही सांगितलं नाही. मूठ चुरगळायची, नाकाशी धरायची, मान डोलवायची, सगळं आधीसारखंच चालू. नुसतं सोंग. पानं ती डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखत होती आणि चाळीस वर्षांच्या सवयीमुळे चुकतही नव्हती.

मला कळलं ते दोन वर्षांनी, दुधामुळे. मला तेव्हा सातवा महिना होता आणि नाक इतकं तिखट झालं होतं की शेजारणीने साबण उघडला तरी मळमळायचं. आत्या ओट्याशी उभी राहून तुरटी कुटत होती. तिच्या कोपराशी दूध जळत होतं, घरभर धूर झाला होता, आणि ती शांत.

"आत्या, दूध करपलंय."

"कळतंय मला," ती म्हणाली. पण हात काही शेगडीकडे गेला नाही.

मी गॅस बंद केला. पातेल्याचं बूड काळं ठिक्कर पडलं होतं. मी तिला सरळ विचारलं, तुला वास येत नाही ना. ती वळली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिच्या घरात चोरी करताना सापडले.

"माझ्या नाकाची काळजी तू करू नकोस. स्वतःचं पूस आधी."

दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोटुशीने धुरात येऊ नये. धूर निमित्ताला होता, तिला माझं नाक शेडमध्ये नको होतं, ते मला समजलं होतं. पण मीही त्याच घराण्यातली. नको तर नको, म्हणून मी घरी बसले.

मुलगा झाला, चार महिन्यांचा झाला. तोवर आत्या बारशाला आलेली पाहुणी असावी तशी दोनदा येऊन गेली होती. तो चार महिन्यांचा असताना ती एका सकाळी दारात उभी राहिली. हातात नवं दुपटं.

"धर. दोनदा धुतलंय. बघ, मऊ आहे का."

मी हातात घेतलं. रंग नेहमीचा नव्हता. बदामी असायला हवा तो पिवळट, जरा हिरव्याकडे गेलेला. हात आपोआप नाकाकडे गेला. काहीच वास नव्हता. मी पुन्हा हुंगलं. निलगिरीचा मागमूस नाही. हे तिला सांगावं असं वाटलं, आणि लगेच त्या दिवशीचं करपलेलं दूध आठवलं. माझ्या नाकाची काळजी करू नकोस म्हणाली होती ना. बरं, नाही करत.

"छान आहे," मी म्हणाले.

ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग गेली. मला वाटलं बाईला कौतुक हवं होतं आणि मी पुरेसं केलं नाही. मला थोडं बरंही वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं.

मुलाला ते दुपटं फार आवडलं. हिरड्या शिवशिवत होत्या, हाताला येईल ते तोंडात. त्या दुपट्याचा एक कोपरा तर त्याने आपलाच करून टाकला. चोखून चोखून तो कोपरा दिवसभर ओला असायचा.

बारा दिवस गेले.

आत्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ शेळ्या पाळायचे. पातेल्यातून काढलेला पानांचा चोथा आत्या कुंपणाशी वाळत टाकायची, पुढे तो चुलीला कामाला यायचा. बाराव्या रात्री ते कुंपण एका जागी कोसळलं आणि सकाळी एक शेळी चोथ्यात तोंड घालून उभी असलेली आत्याने पाहिली. तिने तिला हाकललं. दहाच्या सुमारास शेळी लटपटायला लागली, तोंडाला फेस आला, आणि जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती मेली होती. डॉक्टरने तिथेच तिचं पोट उघडलं. बघायला आजूबाजूची दहा-बारा माणसं जमली, त्यांत आत्याही होती.

डॉक्टरने आतला पानांचा चुरा चिमट्याने उचलून उन्हात धरला, भिंगातून एका तुकड्याच्या शिरा बघितल्या आणि म्हणाला, कण्हेर. कुणीतरी म्हणालं, कुठल्या तरी बागेतली खाल्ली असेल. डॉक्टर म्हणाला, ताजीच लागते असं नाही, वाळली तरी विष जात नाही, उकळली तरी जात नाही. शेळीच्या म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. लोक पांगले. आत्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. ती गप्प बसली असती तर जगात कुणाला काही कळलं नसतं, हे मी मुद्दाम सांगते आहे.

ती चोथ्याच्या ढिगाशी गेली, खाली बसली आणि मुठीमुठीने नाकाशी धरत राहिली. काही येत नव्हतं, येणारच नव्हतं. मग तिला ते पोतं आठवलं. दुपटी रंगवली त्या आठवड्यात टाकीच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरचं चाक एका पोत्यावरून गेलं होतं आणि आतल्या पानांचा पार चुरा झाला होता. अख्खं पान असतं तर तिने डोळ्यांनी ओळखलं असतं. निलगिरीचं पान विळ्यासारखं वाकडं, कण्हेरीचं सरळ. चुऱ्याला वाकडं-सरळ काही नसतं. चुरा फक्त नाकाला कळतो. त्याच आठवड्यात रस्त्याच्या मधली कण्हेरीची झुडपं छाटली होती आणि झाडूवालीने सगळं एकत्र लोटलं होतं. त्या पोत्यातून एकच पातेलं लागलं. त्यात आठ दुपटी निघाली.

साडेअकराला ती माझ्या दारात होती. पायात चपला नव्हत्या. एका हातात चोथा गच्च धरलेला.

"पोर कुठंय?"

मी म्हटलं झोपलाय. आज अगदी शहाण्यासारखा झोपलाय, सकाळपासून, माझी दोन पातेली भाजी निवडून झाली.

"कधीपासून झोपलाय?"

ती मला ढकलून आत शिरली. तो कुशीवर झोपला होता आणि दुपट्याचा कोपरा ओठांत होता. आत्याने तो ओढून काढला. त्याने हू का चू केलं नाही. मी त्याला उचललं, गाल हलवला, पायाला गुदगुल्या केल्या. मान एका बाजूला पडली. मी त्याचं नाव घेऊन हाका मारत होते आणि माझ्या कानांना त्या हाका दुसऱ्याच्या घरातून आल्यासारख्या येत होत्या. मग त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला सुरुवात केली. पोराच्या रडण्याला मी कायम वैतागायचे. त्या दिवशी त्याने दिवसभर रडावं असं मला वाटलं.

आत्याने मूठ माझ्या नाकाखाली धरली. "वास घे. निलगिरी आहे का सांग."

नव्हती. मला ते बारा दिवसांपूर्वीच ठाऊक झालं होतं. पण मी फक्त मान हलवली.

लहान मुलांचे डॉक्टर आमच्याच गल्लीच्या टोकाला होते. आम्ही पळत गेलो. त्यांनी त्याच्या छातीला नळी लावली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. एवढा वेळ मोजले की मला वाटलं आता सांगतील. सांगितलं ते एवढंच, की ठोके ठीक आहेत. कण्हेर हृदयावर जाते. दोनदा धुतलेल्या कापडात किती उरते ते त्यांना सांगता येत नव्हतं. कदाचित काहीच होणार नाही, पण कदाचितवर मी मूल सोडत नाही, ते म्हणाले. अशी आणखी किती मुलं आहेत, त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली सात. मग थांबून म्हणाली, दुकानात काही उरली असतील.

मुलाला कडेवर घेऊनच मी तिच्याबरोबर निघाले. त्याला खाली ठेवायची माझी तयारी नव्हती. दर शंभर पावलांवर मी त्याच्या छातीला कान लावत होते. प्रसूतिगृहासमोर बाळांच्या कपड्यांचं दुकान होतं, तिथे आत्याची दुपटी विकायला असायची. दुकानदार गप्पिष्ट माणूस, कोण काय घेऊन गेलं हे त्याला पाठ असायचं. दोन दुपटी फळीवर होती. चार कुणाच्या घरी गेली ते त्याने घडघड सांगितलं. एक उरलं.

ते कुणी नेलं ते त्याला माहीत नव्हतं. एक बाई, हातात सुटकेस, कडेवर महिन्या-दीड महिन्याचं मूल. मुलाने सगळं ओलं केलं होतं म्हणून तिने दुपटं घेतलं, तिथेच त्याला गुंडाळलं आणि बस पकडायला पळाली. कुठली बस ते विचारलं नाही. तिथून तीन दिशांना बसेस जातात.

आत्याने दुकानदाराकडून एक पिशवी मागून घेतली आणि फळीवरची दोन दुपटी तीत घातली. मग म्हणाली, आधी ही चार.

पहिलं घर एका शिक्षिकेचं होतं. दार उघडताच ती खूश झाली, या या आत्या, म्हणाली. आत्या दारातच उभी राहिली.

"त्या दुपट्याचा रंग कच्चा राहिलाय. दुसरं देते, ते परत द्या."

"अहो, रंग गेला तर गेला," शिक्षिका म्हणाली. "बाळ सोडतच नाही ते. कोपरा तोंडात घेतल्याशिवाय झोपत नाही."

आत्या पुन्हा म्हणाली, बदलून देते. शिक्षिका हसून म्हणाली, मग दोन्ही राहू द्यात. किती प्रामाणिक आहात हो तुम्ही, असंही म्हणाली. माणसं चांगली असली की खोटं बोलून काम होत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. आत कुठेतरी बाळ आवाज करत होतं. मी आत्याच्या कानाशी म्हणाले, तू सांग, नाहीतर मी सांगते. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की चार दिवस वळ होता.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. चौकटीकडे बघून म्हणाली, माणसाकडे नाही. "अडीच वर्षं झाली. पानं ओळखता आली नाहीत मला. त्या दुपट्यात कण्हेरीचं विष आहे. पोराच्या तोंडातून काढा आणि डॉक्टरकडे चला."

शिक्षिका ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आत्याकडे पाहिलं आणि आत धावली.

दुसऱ्या दारात आत्या खोटं बोलायच्या भानगडीत पडली नाही. तिसऱ्या घरी आमच्या आधी बातमी पोचली होती. तिथल्या बापाने दार उघडलं आणि दुपट्याचा बोळा तिच्या तोंडावर फेकला. मग तो जे जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. आत्याने ते दुपटं उचललं, सवयीने घडी घातली आणि पिशवीत ठेवलं. चौथ्या घरचं बाळ सकाळपासून ओकत होतं. त्याची आई रडत रडत आमच्याबरोबर पळत होती आणि पळता पळता आत्याला विचारत होती की तुम्हाला वास येत नव्हता तर सांगायला काय झालं होतं. विचारणारी चुकीची नव्हती.

डॉक्टरांच्या बाकावर पाच बाळं एका ओळीत होती. दर अर्ध्या तासाने डॉक्टर एकेकाचे ठोके मोजत आणि आम्ही पाच जणी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. आत्या बाहेर पायरीवर बसली होती, तिला आत बस असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. संध्याकाळी ओकणारं बाळ थांबलं, त्याला दूध जास्त झालं होतं. दिवेलागणीला डॉक्टरांनी पाचही मुलांना घरी सोडलं.

मी पोराला नवऱ्याकडे दिलं आणि शेडमध्ये गेले, आत्याला चार शब्द सुनावायचेच म्हणून गेले. ती हौदाच्या कडेला बसली होती. मांडीवर सात दुपटी, आणि त्यांतल्या एकाचा कोपरा तोंडात. ती तो चोखत होती. मी तो हिसकावला.

"बघत होते," ती म्हणाली, "किती कडू लागतं."

"लागतं का?"

"तेही कळत नाही गं."

माझे चार शब्द तिथेच राहिले.

सात दुपटी आम्ही जाळली. आठवं मात्र राहिलंच. आत्या दुसऱ्या दिवसापासून बसस्टँडवर जायला लागली. कंडक्टरांना विचारायची, हिरवट दुपट्यातलं मूल पाहिलंत का. ते आधी हसायचे, मग ओळखायला लागले, मग तिला टाळायला लागले. आयुष्यात कधी वर्तमानपत्र विकत न घेणारी ती रोज घ्यायला लागली आणि आतल्या पानांवरच्या बारीक बातम्या बोट ठेवून वाचायची. मूल गेल्याची बातमी असली की गाव, वय, बाप काय करतो, सगळं वाचून काढायची आणि मला विचारायची, हे तर नसेल? मी म्हणायचे नाही. मला काय ठाऊक, पण म्हणायचे. वर्षभर तिला कुणी काम दिलं नाही. तिने मागितलंही नाही. ती दाराशी खुर्चीवर बसायची. एकदा कुणीतरी जाता जाता तिला विचारलं, चहा घेतला का आत्या, तेव्हा मी घरी जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन चूल पेटवली.

तेव्हापासून हात तिचे आणि नाक माझं. मूठ ती चुरगळायची, माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, सांग. मी सांगितलं की पातेल्यात. दुपटी आम्ही पुन्हा केली नाहीत. पडदे, चादरी, पिशव्या, एवढंच. ज्याच्या तोंडात दात आहेत त्याच्यासाठीच कापड रंगवायचं, आत्या म्हणायची. माझा मुलगा शाळेत जायला लागला. त्याला साधी शिंक आली तरी आत्या त्याच्या छातीवर हात ठेवायची.

चार वर्षं झाली आणि एका सकाळी शेडच्या दारात एक बाई आली. दुकानदाराने पत्ता दिला म्हणाली. बरोबर चार वर्षांचं कार्टं, एक क्षण स्वस्थ नाही. आल्या आल्या त्याने तुरटीची बादली पाडली. त्याच्या गळ्याभोवती एक चिंधी गुंडाळलेली होती.

"हे बघा," बाई म्हणाली, "इथून जाताना घेतलं होतं घाईत. रंग कसा पार उडालाय. एवढी नावाजलेली दुपटी म्हणे. बदलून द्या."

चिंधीचा रंग जवळजवळ गेलेला होता. एका कडेला, शिवणीच्या आत, पिवळट हिरवा उरला होता. एक कोपरा मुळी नव्हताच, चावून चावून संपला होता. आत्याच्या हातातलं दांडकं पातेल्यात पडलं.

"हा आजारी पडला होता का कधी? लहानपणी?"

"हा? याला दगड पचतात."

आत्या बसली. तिला तिथेच थांबता आलं असतं. बाईला एक चादर देऊन वाटेला लावता आलं असतं आणि मला वाटतं मी तरी तेच केलं असतं. पण तिने त्या बाईला सगळं सांगितलं, मला वास येत नाही पासून. तिने पोराच्या गळ्यातून ती चिंधी ओढली, आत्याच्या अंगावर फेकली आणि त्याला बखोटीला धरून निघाली. नवं काही घेतलं नाही. पोराने त्या चिंधीसाठी असं भोकाड पसरलं की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. आत्या कान देऊन ऐकत राहिली, शेवटचा आवाज येईपर्यंत. मग तिने चिंधी माझ्याकडे दिली.

"काय वास येतो?"

मी हुंगलं. "पोराचा. साबणाचा थोडा. दुसरा कसलाच नाही."

"त्या दिवशीही कसलाच नव्हता ना?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"नाक गेलं होतं माझं, डोळे नव्हते गेले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पानं चुरा होती, मला भरवसा वाटेना. म्हणून पहिलं तुझ्याकडे आणलं. तू नाकाला लावलंस, थांबलीस, परत लावलंस. मग छान आहे म्हणालीस. म्हणून बाकीची सात दुकानात दिली मी."

चार वर्षांत चार दारांत, दवाखान्यात, बसस्टँडवर, तिने एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं. बापाने तोंडावर दुपटं फेकलं तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. पोर कडेवर घेऊन उभी होते.

"मग मला बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"आठवं कुठं सापडलं होतं. तोवर एकीनं घाबरलेलं पुरे होतं."

ती उठली, पातेल्यातलं दांडकं चिमट्याने काढलं, पदराला हात पुसले. मग पोत्यातली मूठभर पानं घेऊन चुरगळली आणि माझ्यासमोर धरली. रोजच्यासारखं म्हणाली, सांग.

रडून माझं नाक पार चोंदलं होतं. मी दोनदा हुंगलं. मान डोलवावी असं वाटून गेलं. पानं निलगिरीचीच दिसत होती.

"आत्या," मी म्हणाले, "मला वास येत नाहीये."

तिने ती मूठ परत पोत्यात टाकली, पोत्याचं तोंड बांधलं, आणि त्या दिवशी आम्ही चूल पेटवली नाही.